पैलवानाची निगा

पैलवानाची निगा : मैदानात न दिसणारी, पण मल्लाच्या मेहनतीइतकीच मोलाची व्यवस्था. खुराक, मालीश, झोप, दुखापतीवरचे उपचार, तालमीतील एकमेकांची सेवा आणि या सगळ्याचा खर्च उचलणारा आश्रय यांचा तीत समावेश होतो. ही नोंद मुख्यतः कोल्हापूरच्या तालमींपुरती आहे.

जुने उल्लेख : कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात मल्लांची प्रतवारी आणि व्यायामाचे प्रकार येतात, तसाच आहारही येतो : डाळी, मांस, दूधदुभते, गोडधोड. मल्लाला पोसणे हे राजाचे काम, हे तेथे गृहीतच आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’तही आहाराचा विचार आढळतो.

आश्रय : राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (कारकीर्द १८९४–१९२२) कोल्हापूर संस्थानात मल्लांच्या खुराकाची सोय दरबारातून होई. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ या तालमींनी पुढे ही परंपरा चालवली. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारचा आधार सुटला. नंतर काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन सुरू केले, तरी बहुतेक पोरांचा भार घरच्या शेतीवर आणि गावाच्या वर्गणीवर राहिला. जत्रेच्या मैदानातले इनाम हे पैलवानाचे खरे उत्पन्न. तेही बहुतांशी पुन्हा बदामात आणि तुपात जाते.

खुराक : नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त पैलवान जे खातो तो खुराक. दूध, तूप आणि बदाम हे त्याचे तीन खांब. कोल्हापुरात मटण आणि अंडी यांची जोड असते. जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेल्या ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) या पुस्तकातही हेच त्रिकूट आहे, मात्र तेथे शाकाहारावर भर दिसतो. मांसाहार पैलवानाला मानवतो की नाही याविषयी दोन्हीकडच्या वस्तादांत एकमत नाही.

थंडाई करण्याची रीत तपशिलाने नोंदवण्याजोगी आहे. रात्री भिजत घातलेल्या बदामांची साल सकाळी अंगठा आणि बोट यांच्यात दाबून काढतात. सोललेले बदाम, खसखस, मगज, बडीशेप, वेलदोडे आणि चार मिरी दाणे कुंडीत घालतात. धाकटा पठ्ठा कुंडी दोन्ही पायांच्या पंजांत धरून बसतो आणि लाकडी दंड्याने घोटू लागतो. घोटणे घाईचे नसते. आधी खरखरीत आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. गोळा लोण्यासारखा झाला आणि दंड्याला तेल सुटू लागले की दूध व खडीसाखर घालून पंचातून गाळतात. खाल्ले किती यापेक्षा पचवले किती हे वस्ताद पाहतो. अंगाला न लागलेला खुराक वाया गेला, असेच तालमीत मानतात.

संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. फेसाळ पेला उभ्यानेच रिकामा होतो. न तापवलेल्या दुधातून काही रोग पसरू शकतात, म्हणून डॉक्टर ते उकळून प्यायला सांगतात. कट्ट्यावरची गर्दी मात्र टिकून आहे.

मालीश : पहाटेचे जोर, बैठका आणि लढती झाल्या की थोरला पैलवान जमिनीवर पालथा पडतो. धाकटा तेल घेऊन तळपायापासून सुरुवात करतो. पोटऱ्या, मांड्या, कंबर, मग खांदे. हाताचा जोर पुरेनासा झाला की भिंतीचा आधार घेऊन मांडीवर उभा राहतो आणि पायाने तुडवतो. कुठला पुठ्ठा ताठला आहे, कुठे हात लावताच पैलवान अंग चोरतो, हे वस्तादाच्या आधी या पोराच्या बोटांना कळते. दुखापत लपवणारे पैलवान पुष्कळ असतात, पण मालीश करणाऱ्यापासून ती लपत नाही. शिवाय रोज दोघा-तिघांची अंगे रगडून त्याचे स्वतःचे मनगट आणि पंजा तयार होतो. म्हणून या कामाला केवळ सेवा म्हणणे अपुरे आहे. ते शिक्षणही आहे. मालिशीने स्नायूंचे दुखणे कमी जाणवते असे आजचे क्रीडावैद्यकही मानते. ताकद वाढते, याला मात्र तेथे फारसा आधार मिळत नाही.

माती : हौद्यातील तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती खोऱ्याने उकरून मऊ ठेवतात. लढत संपल्यावर घामेजल्या अंगाला माती चोळून थोडा वेळ बसण्याची पद्धत आहे. अंग निवते आणि ठणका उतरतो, असा अनुभव सांगितला जातो. हळदीची माती असूनही गजकर्णासारखे त्वचारोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यावर स्वतंत्र पंचा आणि धुतलेला लंगोट हाच पहिला उपाय.

दुखापती : निखळलेला सांधा बसवणे हे पूर्वी हाडवैद्याचे, पुष्कळदा खुद्द वस्तादाचेच काम होते. कान मोडणे ही पैलवानाची खूण समजली जाते. घासल्याने कानाच्या कूर्चेवर रक्त साकळते. पहिल्या काही दिवसांत ते काढून कान दाबून बांधला नाही, तर तेथे कायमचा गड्डा होतो. ही खूण अभिमानाने मिरवली जाते, त्यामुळे उपचाराला पोरे नाखूश असतात.

झोप : दुपारची झोप सक्तीची. त्या वेळी तालमीत मोठ्याने बोलत नाहीत.

स्त्री-मल्ल : पारंपरिक तालमीत स्त्रियांना प्रवेश नसे, त्यांच्या सरावाची सोय अलीकडच्या कुस्तीकेंद्रांत झाली.

गादी आणि वजन : खुराकाची सारी परंपरा वजन वाढवण्यासाठी घडली. गादीवरच्या कुस्तीत वजनगट आल्याने निगेची दिशाच उलटली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने विनेश फोगट अपात्र ठरली. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटातील अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवले. प्रशिक्षक रात्रभर त्याच्यासोबत जागे होते. गादीवर सराव, गरम पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल, मधूनमधून मालीश, असा तो क्रम होता.

सोबतचा माणूस : कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथमच गादीवर लढले आणि सहावे आले. तेथे त्यांना अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी गादीवरची कुस्ती शिकवली. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची लढत लांबली आणि ते थोडक्यात हरले. लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानेच मिळायला हवी होती, पण ती मागायला भारताचा कोणीही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या अनेक लेखांत नमूद आहे. थकलेले खाशाबा ती लढतही हरले. इशीईला सुवर्ण आणि मम्मदबेयोव्हला रौप्य मिळाले. तालमीत ज्या पोराने पंचा घेऊन कडेला उभे राहायचे, त्याची जागा हेलसिंकीत रिकामी होती.

हेलसिंकीच्या प्रवासाचा खर्च गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभा राहिला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.