पट्टा, पाणी आणि बोईसरचा पावसाळा

पालघर-बोईसरकडे पावसात पट्टा घसरण्याची कटकट स्कूटरच्या कितीतरी आधीची आहे. ती भातगिरणीतली. मनोरच्या बाजूला माझे वडील एका गिरणीवर इंजिन सांभाळायचे. एका खोलीत किर्लोस्करचं डिझेल इंजिन, दुसऱ्या खोलीत हलर, आणि भिंतीतल्या फटीतून दोघांना जोडणारा कॅनव्हासचा रुंद पट्टा. कौलातून एखादा ओघळ पट्ट्यावर आला की इंजिन सुसाट पळायचं आणि हलर जागच्या जागी बसून राहायचा. मग वडील राळेची पूड पट्ट्याच्या आतल्या अंगावर टाकायचे. पट्टा पुन्हा पकड घ्यायचा, पण तेवढ्यापुरतीच. खरा इलाज म्हणजे कौलं नीट करणं, आणि ते काम वडील मिरगाच्या आधी स्वतः शिडी लावून करायचे. पट्ट्याला औषध लावत बसण्यापेक्षा पाणी येतं कुठून ते बघ, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे बोईसरला गॅरेज टाकलं तेव्हा हीच शिकवण कामाला आली.

गॅरेजच्या आधी मी तारापूर एमआयडीसीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये फिटरच्या हाताखाली होतो. तिथे कमी-जास्त वेगाची पुली पहिल्यांदा पाहिली. दोन शंकूसारख्या चकत्या, मध्ये व्ही आकाराचा पट्टा. चाक फिरवून चकत्या जवळ आणल्या की पट्टा वर चढतो आणि मशीनचा वेग बदलतो. गिअर नाही, दाते नाहीत. हॉलंडमधल्या डाफ कंपनीने १९५८ साली याच तत्त्वावर चालणारी मोटारगाडी लोकांपुढे मांडली. चकत्या जवळ-लांब करण्याचं काम तिथे माणसाच्या हाताऐवजी फिरणारी वजनं आणि इंजिनच्या व्हॅक्यूमची ओढ करायची. आज आपल्या घराघरांतल्या गिअरलेस स्कूटरमध्ये तोच वंश चालू आहे.

आमच्याकडे ही स्कूटर आली ती कायनेटिक होंडाच्या रूपाने. फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ साली जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला कारखाना काढला. तोवर रस्त्यावर राज्य बजाज चेतकचं होतं. चेतकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला. त्याला बाहेरच्या पाण्याचं भय नव्हतं. चेतक पाण्यातून गेली तर प्लग किंवा पॉइंट भिजायचा. मालक गाडी तिरकी करायचा, प्लग पुसायचा, दहा किका मारायचा आणि जायचा. कायनेटिक होंडा बटणावर चालू व्हायची, गिअर टाकायला लागायचे नाहीत. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतल्या आणि बँकांतल्या बायकांनी ती मनापासून स्वीकारली. आमच्या भागात बाईमाणसाला स्वतःच्या बळावर स्टेशन गाठता येऊ लागलं, त्यात या पट्ट्याचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

पण या गाडीचा क्लच कोरडा. पट्टा, पुढची पुली, तिच्यातले रोलर, मागचा क्लच आणि त्यावरचा ड्रम असा सगळा संसार डाव्या बाजूच्या एका लांबट ॲल्युमिनियमच्या पेटीत असतो. त्या पेटीत तेलाचा थेंब चालत नाही आणि पाण्याचाही नाही. शिवाय चाकं लहान, दहा इंची. गुडघाभर पाण्यात गाडी घातली की अख्खी पेटी पाण्याखाली जाते.

पहिला मोठा धडा दिला तो २६ जुलै २००५ ने. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा सगळ्या देशाला माहीत आहे. तोवर होंडाची ॲक्टिव्हा स्कूटर येऊन चार वर्षं झाली होती आणि मुंबईपासून इकडे उत्तरेपर्यंत बिनगिअरच्या गाड्या भरपूर झाल्या होत्या. मुंबईत अडकून भिजलेल्या गाड्या पुढे टेम्पोत घालून इकडे आपल्या गावी आणल्या गेल्या. तक्रार प्रत्येकाची एकच. "दादा, रेस घेते, पण जागची हलत नाही."

अशी गाडी उघडताना काय दिसतं ते सांगतो. आठ नंबरच्या टी पान्याने कव्हरचे बोल्ट सैल करायचे. खालचा बोल्ट निघताच गंजाच्या रंगाचं पाणी धारेने येतं. कव्हर बाजूला केलं की पट्ट्याची झिजलेली काळी पूड पाण्यात कालवून सगळीकडे लिंपलेली असते. ड्रमच्या आतल्या कडेवर रात्रीतून तांबूस गंज धरलेला. रोलर जिथे सरकतात तिथलं ग्रीस पांढरं पडलेलं. मागच्या चाकाच्या गिअरबॉक्सचा बोल्ट काढला तर ऑइल दुधाळ निघतं, कारण पाणी हवेच्या नळीतून तिथेही पोचलेलं असतं. मग पट्टा कोरड्या फडक्याने पुसायचा. घासलेटने धुवायचा नाही, रबर फुगतं. पुलीच्या चकत्या आणि ड्रम बारीक पॉलिश पेपरने साफ करायचे, क्लचचे शू हलके घासायचे, बेअरिंगला नवं ग्रीस, आणि गिअर ऑइल बदलायचं. पट्ट्याची कड घसरून गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर तो बाद. तो परत पकड धरत नाही.

खाऱ्या पाण्याची तऱ्हा निराळी. सातपाटीच्या मावश्या मासळीचे क्रेट स्कूटरवर पायाशी ठेवून पालघरच्या बाजाराला यायच्या. बर्फाचं खारं पाणी थेंबाथेंबाने खाली ओघळून कव्हरच्या सांध्यात मुरायचं. पूर नाही, रस्त्यावर डबकं नाही, तरी त्यांच्या गाड्यांची पुली सगळ्यांच्या आधी गंजायची. एका मावशीला म्हटलं, क्रेटखाली जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याची कड उजव्या अंगाला वळवा. पुढच्या सीझनला तिच्या शेजारच्या चौघी तसंच अंथरून येताना दिसल्या.

पाणी आत शिरतं कुठून, हे आम्ही गॅरेजवाल्यांनी हळूहळू शोधलं. कव्हरचा रबरी सील वाळून तडकला की सांध्यातून शिरतं. किकचा दांडा कव्हरमधून बाहेर येतो तिथली बुश झिजली की तिथून शिरतं. पण सगळ्यात मोठं दार म्हणजे हवेचं तोंड. कारण ही पेटी बंद ठेवता येत नाही. पट्टा चालताना तापतो, म्हणून पुढच्या पुलीवर पंख्याची पाती असतात. ती बाहेरची हवा ओढतात आणि मागून सोडतात. हवा जिथून जाते तिथूनच पाणी जातं. पुरानंतर बोईसरच्या एका पोराने घाबरून ते तोंडच चिकटपट्टीने बंद केलं होतं. पाणी गेलं नाही हे खरं, पण भर उन्हात मनोरपर्यंत डबलसीट गेल्यावर पट्टा तापून धागे सुटले. गाडीला पाणी नको असलं तरी श्वास हवाच.

मग उपाय ठरत गेले. सांध्याला अनाबाँड या सीलंटचा पातळ थर. मूळ सील मिळाला नाही तर सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, अर्थात तात्पुरती. हवेच्या तोंडाला रबरी नळी जोडून ती सीटखाली उंच वळवायची, म्हणजे पाण्याची रेघ तिथवर पोचत नाही. आणि पेटीच्या सर्वांत खालच्या भागाला निचऱ्याचं भोक असेल तर ते तारेने मोकळं ठेवायचं. अमेरिकेत मिनेसोटाच्या पोलारिस कंपनीने १९८५ पासून पट्ट्यावर चालणाऱ्या चार मोठ्या टायरच्या गाड्या विकल्या. दलदलीतून जाणारे तिथले मालकही हवेची नळी हँडलच्या उंचीवर नेतात आणि पेटीच्या तळाचा निचऱ्याचा बूच काढून पाणी सोडतात. बोईसरच्या गॅरेजात आणि तिकडच्या दलदलीत एकच अक्कल सुचली याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पाणी वाढलंय, हे मात्र आपलं केलेलं आहे. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, आणि स्टेशनांभोवतीची भातखाचरं भराव घालून इमारतींखाली गेली. पूर्वी पाणी खाचरात थांबायचं, खाजणातून खाडीला जायचं. आता ते रस्त्यावर उभं राहतं. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस लागला की खाडी पाणी घेत नाही, आणि कारखान्यांच्या वस्तीत उभं राहिलेलं ते पाणी नुसतं पावसाचं नसतं. त्यात भिजलेलं ॲल्युमिनियमचं कव्हर पांढरं पडून खडबडीत होतं, मग नवा सील लावला तरी नीट बसत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले तेव्हा पुन्हा तशाच गाड्या टेम्पोने आल्या.

आता विजेच्या स्कूटर येताहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत ही पेटीच नसते. पुढची पोरं बॅटरीत पाणी जाऊ नये म्हणून झगडतील. पण आज रस्त्यावर पट्ट्याच्या गाड्या लाखोंनी आहेत आणि त्या अजून बरेच पावसाळे काढतील. त्यांच्या मालकांना माझं एवढंच सांगणं आहे. मे महिना संपायच्या आत डावं कव्हर उघडून घ्या, सील बघा, निचऱ्याचं भोक मोकळं करा, किकच्या दांड्याची बुश तपासा. गुडघाभर पाणी दिसलं तर दुसऱ्या रस्त्याने जा. गाडी बुडालीच, तर बटण दाबू नका. आधी पाणी काढायला लावा, मगच इंजिन चालू करा.