तळटीप १४ : ‘फिटिंगची खिडकी’

१४. फिटिंगची खिडकी : क्ष-किरण शोषणाच्या आलेखातला जो पट्टा गणिती प्रतिमानाशी ताडून पाहायचा, तो. सेयर्स, स्टर्न आणि लिटल यांनी १९७१ मध्ये या आलेखाच्या विश्लेषणात फूरिए रूपांतर आणले. तेव्हापासून खिडक्या दोन मानतात, एक तरंगसंख्येची आणि दुसरी अंतराची. दोन्ही रुंदींच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला π (पाय) ने भागले, की हाती साधारण किती स्वतंत्र माहिती आहे ते कळते. तरंगसंख्या ३ ते १२ प्रति अँगस्ट्रॉम आणि अंतर १ ते ३ अँगस्ट्रॉम घेतल्यास उत्तर सुमारे ११ येते. तरंगसंख्या ६ लाच थांबवली, तर ४ सुद्धा भरत नाही. इतक्यावर पाच अज्ञात राशी काढायला गेल्यास फिटिंग अडणारच, आणि तो संगणकाचा दोष नव्हे. मग खिडकी रुंद का करू नये, असे कोणी विचारील. पण वरच्या तरंगसंख्येला नुसता गोंगाटच असेल, तर आकडा फुगतो, माहिती वाढत नाही. अंतराची खिडकी ताणली, तर प्रतिमानात न घेतलेले दूरचे अणू आत शिरतात. शिवाय खिडकीची जागाही फसवी असते. तांब्याच्या धातूत शेजारचा अणू २.५५ अँगस्ट्रॉमवर असतो, पण कलेतील फरकामुळे रूपांतरातले शिखर २.२ च्या आसपास दिसते. खरे अंतर धरून खिडकी २.४ पासून उघडली, तर शिखराचा मोठा भाग बाहेरच राहतो. म्हणून चूक आली, की आधी खिडकी शिखरावर आहे का ते पाहावे, मग राशी कमी कराव्यात. रुंदीला हात सर्वांत शेवटी.