ओळखीची चिठ्ठी

आपण बहुतेकजण बंगळूरला आलो ते हातात पदवी आणि खिशात कुणातरी काकांचा पत्ता घेऊन. निदान माझी तरी पदवी ट्रंकेतच राहिली. उपयोगी पडला तो पत्ता. १९८४ साली ज्यांच्या शब्दावर मला पहिली नोकरी मिळाली, ते गृहस्थ इथल्या गणपतीतच भेटले होते. म्हणूनच की काय, याच गावात काम शोधत आलेल्या दोन परदेशी माणसांची हकीकत मला जवळची वाटते.

मॅक्स बॉर्न हे जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातले पदार्थवैज्ञानिक, क्वांटम सिद्धान्ताच्या शिल्पकारांपैकी एक. १९३३ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारने ज्यू प्राध्यापकांना घरी बसवले, त्यात तेही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बेव्हरिज, रदरफर्ड आदी मंडळींनी अशा विद्वानांसाठी एक परिषद काढली. तिच्याजवळ पैसा बेताचाच, पण कोण रिकामे आहे, जागा कुठे आहे याची नोंद ती ठेवी आणि कायमची सोय होईपर्यंत थोडे वेतन देई. बॉर्न केंब्रिजला गेले, पण ती जागाही मुदतीचीच होती.

सर सी. व्ही. रामन तेव्हा आपल्या 'टाटा इन्स्टिट्यूट'चे (जुन्या बंगळूरकरांच्या तोंडी अजून हेच नाव आहे) संचालक होते. १९३५ च्या अखेरीस त्यांनी बॉर्न यांना सुमारे सहा महिन्यांसाठी बोलावले आणि इथेच कायम ठेवायचा घाट घातला. प्राध्यापकांच्या सभेत विषय निघाला, तेव्हा एक इंग्रज प्राध्यापक उठला. स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परका माणूस आपल्याला कशाला, अशा आशयाचे तो बोलला. तो स्वतःही नुकताच बोटीतून उतरलेला! बॉर्न समोरच बसले होते. घरी गेल्यावर आपल्याला रडू कोसळले, असे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. रामन यांच्या जोरकस आग्रहानेच विरोध वाढला असावा, असे मला वाटते. फार मोठ्या आवाजातली शिफारस कधी कधी उमेदवारालाच नडते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. १९३६ मध्ये बॉर्न एडिंबराला गेले आणि १९५४ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

पण ते सहा महिने फुकट गेले नाहीत. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी बॉर्न यांचा चांगला परिचय झाला होता. बॉर्न यांचा भाचा ओटो क्योनिग्सबर्गर हा बर्लिनचा वास्तुविशारद. नाझींनी नोकरीवरून काढल्यावर तो इजिप्तमध्ये उत्खननाच्या कामात दिवस काढत होता. मामांनी शब्द टाकला, दिवाणांनी तो मानला आणि १९३९ साली हा तिशीतला तरुण म्हैसूर संस्थानचा मुख्य वास्तुविशारद होऊन बंगळूरला आला.

सर्वांचे नशीब असे नव्हते. हिंदुस्थानात यायचे तर नोकरी किंवा कुणाची तरी हमी लागे. मुंबईत १९३४ साली निघालेली ज्यू रिलीफ असोसिएशन अशा हमीसाठी खटपट करी. त्यातच १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन म्हणून हिटलरच्या माणसांबरोबर हिटलरने हाकललेलेही पकडले गेले. कित्येकांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले. चौकशी होऊन त्यांतले बहुतेक सुटले, पण हातची कामे गेलीच.

क्योनिग्सबर्गर यांनी मात्र इथे भरपूर काम केले. टाटा इन्स्टिट्यूटमधल्या भोजनगृहासारख्या इमारती त्यांच्याच. ऊन, वारा, पाऊस पाहून छज्जे आणि झरोके बसवायचे, ही त्यांची रीत. पुढे त्यांनी जमशेदपूरचा आराखडा केला, १९४८ मध्ये भुवनेश्वरचा. त्याच वर्षी नेहरू सरकारने त्यांना गृहनिर्माण संचालक नेमले. फाळणीत घरदार सोडून आलेल्या लाखो लोकांच्या निवाऱ्याचा प्रश्न तेव्हा समोर होता आणि ती फाइल १९५१ पर्यंत एका निर्वासिताच्याच टेबलावर होती.