बर्फवितळण यंत्रणा : जुळवणी व चाचणी

बर्फवितळण यंत्रणा : पदपथ, पायऱ्या, रुग्णालयाचा उतार, घरापुढची मोटारीची वाट यांच्या फरसबंदीला खालून उष्णता देऊन पडणारा बर्फ आपोआप वितळवणारी व्यवस्था. उष्णता दोन तऱ्हांनी पोचवतात. काँक्रीटमध्ये तापणाऱ्या विजेच्या केबली पुरतात, किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या पुरून त्यांतून गरम पाणी व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरवतात. केबल असो वा नळी, यंत्रणा कामाची की खर्चाची हे मुख्यतः तिचा सेन्सर व नियंत्रक कसे लावले आहेत यावर ठरते. जुळवणी चुकली तर कोरड्या थंडीतही ती रात्रभर वीज खाते, नाहीतर बर्फ घट्ट झाल्यावर सुरू होते.

अमेरिकेत ओरेगन राज्यातील क्लॅमथ फॉल्स येथे 1948 मध्ये भूगर्भातील उष्णतेवर रस्त्याचा एक भाग तापवण्यात आला. या क्षेत्रातील हा आरंभीचा प्रयोग होय. मिशिगनमधील हॉलंड शहराने 1988 पासून वीजकेंद्रातील वाया जाणारी उष्णता बाजारपेठेतील रस्त्यांखाली व पदपथांखाली खेळवली. आइसलँडच्या रेक्याविक शहरात घरे तापवून परतणारे सुमारे 35 अंशांचे पाणी पदपथांखालून नेतात. उष्णतेचा यापेक्षा शहाणा वापर क्वचितच दिसतो. जपानमधील नागाओका येथे नळ्या पुरण्याऐवजी रस्त्यावर भूजलाचे फवारे सोडण्याची रीत आहे. त्या पाण्यातील लोहामुळे तिथले रस्ते तांबूस झालेले दिसतात.

उष्णतेचा हिशेब. 0 अंशाचा 1 किलोग्रॅम बर्फ वितळायला 334 किलोजूल उष्णता लागते. ताज्या, हलक्या बर्फाचा 10 सेंमी. थर वितळला की साधारण 1 सेंमी. पाणी होते. तासाला 2 सेंमी. बर्फ पडत असेल तर दर चौरस मीटरला केवळ वितळण्यासाठी सुमारे 185 वॉट लागतात. वाऱ्याने वर आणि जमिनीत खाली जाणारी उष्णता धरली की गरज बरीच वाढते, म्हणून केबली बहुधा चौरस मीटरला 300 वॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या घालतात. तेवढ्यानेही उशीर टळत नाही. 15 सेंमी. जाडीचे काँक्रीट उणे 5 अंशांवरून 3 अंशांवर आणायला चौरस मीटरला सुमारे 2,500 किलोजूल लागतात. 350 वॉटच्या केबलीला, उष्णता कुठेही वाया गेली नाही असे धरले तरी, याला दोन तास हवेत. यंत्रणा ‘चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी ही दोन तासांची गोष्ट आठवावी.

वितळलेले पाणी वाफ करून घालवायचे म्हटले तर वितळवण्याच्या साडेसात पट उष्णता लागते. म्हणून पाणी उताराने वाहून गेलेच पाहिजे. शेवटच्या जाळीत व तिथून निघणाऱ्या पाइपातही केबल घालावी लागते, नाहीतर पाणी तिथे गोठून तुंबते आणि वाटेवर काचेसारखा बर्फ धरतो. मूळ बर्फापेक्षा तो धोक्याचा.

जुळवणी. सेन्सर दोन प्रकारचे. छपरावर किंवा खांबावर बसवलेला सेन्सर फक्त पडणारा बर्फ ओळखतो. वाऱ्याने उडून आलेला किंवा मोटारीच्या चाकांबरोबर आलेला बर्फ त्याला कळत नाही. फरशीच्या पातळीत बसवलेल्या पितळी चकतीच्या सेन्सरला तोही कळतो. त्याच्या तोंडावरच्या कड्या किंचित तापलेल्या असतात. त्यांवर बर्फ पडला की त्याचे पाणी होते, पाण्यातून वीज वाहते आणि नियंत्रकाला ओलीची खबर जाते. थंडी आणि ओल या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच उष्णता सुरू व्हावी, हा मूळ नियम.

थंडीचा उंबरठा बहुधा 3 ते 4 अंशांवर ठेवतात. ओलीची संवेदनशीलता फार वाढवली तर दवानेही यंत्रणा पेटते. फार कमी केली तर भुरभुरणारा बर्फ तिच्या लक्षात येत नाही. तिसरी कळ विलंबाची. सेन्सर कोरडा झाला म्हणजे सगळी वाट कोरडी झाली असे नाही, त्यामुळे त्यानंतरही काही काळ उष्णता चालू ठेवावी लागते. हा काळ कारखान्यातून आला तसाच न ठेवता सावलीतला, सर्वांत उशिरा वाळणारा कोपरा पाहून ठरवावा. वीज वाचवण्यासाठी हा विलंब कापणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

वाट किती मोकळी हवी हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने मुक्त क्षेत्राचे प्रमाण हे माप दिले आहे. प्रमाण 1 म्हणजे बर्फ पडता क्षणी वितळावा. 0 म्हणजे पडत असताना थर साचला तरी चालेल, तो नंतर वितळावा. तातडीच्या रुग्णांच्या दाराशी 1 हवेच. घराच्या वाटेला 0 पुरते, कारण साचलेला थर स्वतःच उष्णता धरून ठेवतो.

चाचणी. केबलीचा विद्युतरोध व आवरणाचा रोध तीनदा मोजतात : गुंडाळी उघडताना, सळयांच्या जाळीवर बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतल्यावर. आवरणाचा रोध मेगर या रोधमापकाने पाहतात. आकडा घसरला तर आवरणाला खरचटले आहे, आणि ते काँक्रीट पडण्याआधी कळले तरच दुरुस्ती सोपी. नळ्यांत दाब भरून काँक्रीट ओततात; फावडे लागून नळी फुटली तर दाबमापकाचा काटा लगेच पडतो. ग्लायकॉलचे प्रमाण अपवर्तनमापकावर दोन थेंब ठेवून पाहतात. काँक्रीट पुरते मुरेपर्यंत, साधारण महिनाभर, उष्णता देऊ नये.

स्वयंचलनाची चाचणी बर्फाची वाट न पाहता करता येते. सेन्सरच्या चकतीवर ठेचलेला बर्फ ठेवावा. तापमान खाली गेले, ओल लागली, की रिले ओढला जाऊन केबलीत प्रवाह येतो. तो क्लॅम्प मीटरने मोजावा. मग बर्फ काढून चकती पुसावी आणि यंत्रणा ठरल्या विलंबानंतर बंद होते का ते पाहावे. पुसूनही ती ओलीच दाखवत असेल तर चकतीवर मिठाचा किंवा टायरच्या काजळीचा थर असतो. साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने तो निघतो. शेवटी गळती-प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे चाचणीचे बटण दाबावे. हे सारे दर वर्षी पहिल्या बर्फाआधी करावे.

भारतात हिमालयातील सीमेवरच्या रस्त्यांवरचा बर्फ सीमा सडक संघटना यंत्रांनी बाजूला सारते. इतक्या लांब रस्त्याला खालून तापवणे परवडणारे नाही. मराठी वाचकाचा या यंत्रणेशी संबंध येतो तो मुख्यतः कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात घर घेताना. वाट तापणारी असेल तर केबलींचा किंवा नळ्यांचा नकाशा आणि चाचण्यांच्या आकड्यांचा कागद व्यवहार पुरा होण्याआधी मागून घ्यावा. तो नसेल तर फाटकाचा खांब रोवण्यासाठीसुद्धा त्या वाटेत ड्रिल घालू नये.