स्टिकर निघत का नाही? भिवंडीची खळ आणि एका चिकट गोष्टीचा इतिहास

आजचा विषय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. स्टीलचा नवाकोरा डबा, त्यावर कंपनीचा स्टिकर. नखाने ओढला की अर्धा हातात येतो, अर्धा डब्यावरच राहतो. मग तो चिकट डाग धूळ गोळा करत करत काळा पडतो आणि महिनोन्‌महिने तिथेच बसतो.

यात इतिहास कुठे आला, असं वाटेल. पण बघा, चिकटवायला माणूस फार पूर्वीच शिकला. डिंक, लाख, राळ, भाताची शितं, सगळं हाताशी होतं. खरा प्रश्न पुढचा: चिकटवलेलं काढायचं कुणी? या प्रश्नाची दोन उलटी उत्तरं ठाणे जिल्ह्यात, भिवंडीत, अगदी शेजारी शेजारी सापडतात. एक यंत्रमागावर, दुसरं गोदामात.

उत्तर पहिलं: खळ

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, हे आपण शाळेत शिकलोय. 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, गिरण्या हळूहळू थंडावल्या आणि कापडाचं कितीतरी काम इथल्या मागांकडे वळलं. पण मागाच्या खडखडाटाआधी एक शांत काम असतं, ते फारसं कुणाला माहीत नसतं.

कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. मागावर सगळी ओढाताण ताण्याची होते. प्रत्येक धागा शेकडो वेळा घासला जातो, त्याची लव सुटते, तो तुटतो आणि माग थांबतो. म्हणून ताण्याला आधी खळ देतात. खळ म्हणजे मुळात स्टार्चची पेज, पातळ गोंदच म्हणा ना. धागे त्यातून बुडवून काढायचे, तापलेल्या रुळांवर वाळवायचे आणि मोठ्या बीमवर गुंडाळायचे. या कामाचे कारखाने वेगळे असतात, त्यांना सरळ ‘साइजिंग’ म्हणतात.

आता गंमत ऐका. कापड विणून झालं की हीच खळ नकोशी होते. ती राहिली तर रंग नीट चढत नाही. म्हणून रंगाईआधी ती पूर्ण काढून टाकतात. जुन्या काळी कापड पाण्यात भिजवून ठेवायचे. सूक्ष्मजीव स्टार्च खाऊन टाकायचे. 1833 मध्ये फ्रान्समधल्या पायाँ आणि पेर्सो या दोन रसायनशास्त्रज्ञांनी स्टार्च तोडणारं द्रव्य, म्हणजे एन्झाइम, वेगळं काढलं. त्याच जातीचं एन्झाइम आपल्या लाळेत असतं. भात खूप वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळेच. आज कापडाची खळ अशाच एन्झाइमने उतरवतात. खळीत पुढे कृत्रिम द्रव्यंही आली, पण ती कशी उतरवायची हेही धंद्याला माहीत असतं.

म्हणजे खळ लावणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की ही एक दिवस निघणार आहे. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर खळीला ‘अनडू’चं बटण आहे.

पाण्याने सुटणारा काळ

कागद चिकटवण्याचंही बराच काळ असंच होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात 1852 मध्ये सिंधमध्ये आणि 1854 पासून देशभर टपाल तिकिटं आली. पुढे मागच्या बाजूला डिंक लावलेली तिकिटं रुळली. ज्यांच्या आजोबांकडे तिकिटांचा अल्बम आहे त्यांनी पाहिलं असेल: पाकिटाचा तुकडा कोमट पाण्यात ठेवायचा, थोड्या वेळाने तिकीट आपोआप तरंगत सुटतं.

कापडाच्या ताग्यांवरही रंगीत कागदी लेबलं असायची. मँचेस्टरचं कापड इथे विकायला आलं तेव्हा त्यावर देवदेवता, हत्ती, राजे-महाराजे छापलेले असायचे. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्र बघून माल ओळखायचं. मुंबईच्या गिरण्यांनीही तीच रीत उचलली. आज ती लेबलं संग्राहक जपून ठेवतात.

ज्या स्टिकरचा जन्मच सुटण्यासाठी झाला

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण आपल्या डब्यावरचा स्टिकर तिथून आलाय. 1920च्या दशकात तिथे दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती. एक रंग देताना दुसरा भाग झाकायला कारागीर कागद चिकटवायचे, आणि तो काढताना ताजा रंगही उपटून यायचा. 1925 मध्ये थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रूने यावर मास्किंग टेप बनवली. चिकटते, पण स्वच्छ सुटते.

दहा वर्षांनी, 1935 मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरीने वॉशिंग मशीनची मोटर आणि शिलाई मशीनचे भाग जोडून स्वतः चिकटणाऱ्या लेबलांचं यंत्र उभं केलं. भांडवल होतं होणाऱ्या बायकोने उसने दिलेले 100 डॉलर. त्याच्या धंद्याचं पहिलं नाव काय होतं माहितीये? ‘कम क्लीन’. म्हणजे ‘स्वच्छ निघतो’!

मग आपलाच का निघत नाही? कारण पुढे गरज बदलली. दुकानात लोक स्वस्त वस्तूचा स्टिकर काढून महाग वस्तूवर लावू लागले, म्हणून कायमचे चिकटणारे गोंद आले. किमतीच्या कितीतरी स्टिकरना मुद्दाम बारीक काप दिलेले असतात, ओढलं की तुकडेच व्हावेत म्हणून. म्हणजे तुमच्या हातात तुकडे येतात ती चूक नाही, ती रचना आहे. ती दुकानदाराला जपते. साफ करायचं काम मात्र घरातल्या माणसाकडे जातं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ते आईकडे.

उत्तर दुसरं: गोदाम

परत भिवंडीत येऊ. पूर्वी मुंबईत माल आणला की जकात लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर, काल्हेर, राहनाळ, मानकोली अशा गावांमध्ये ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. नाशिक महामार्ग जवळ, बंदर जवळ, मुंबई जवळ, आणि ऑनलाइन खरेदी वाढलेली. तुमच्या पार्सलवरचं लेबल इथेच कुठेतरी लागलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

ते लेबल उन्हात, पावसात, टेम्पोच्या हिसक्यांत टिकायला हवं, हे कबूल. पण तुमच्या हातात पडल्यावर ते काढायची जबाबदारी कुणाचीच नसते. त्यावर तुमचं नाव, पत्ता, कधी फोन नंबरही असतो. खोकं भंगारवाल्याला देण्याआधी तेवढा भाग फाडून टाका.

स्टिकरखाली काय दडलंय?

इथे कायदाही येतो. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार छापील माहिती बदलायला वरून स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी केली तर नव्या किमतीचा स्टिकर चालतो, पण त्याने मूळ एमआरपी झाकायची नाही. 2017 मध्ये जीएसटीमुळे बदललेल्या किमतींसाठी काही महिने स्टिकरची सवलत दिली, तेव्हाही जुनी किंमत दिसायला हवी ही अट होतीच. म्हणून किमतीवर किंमत चिकटवलेली दिसली तर खालची वाचा, फोटो काढा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला कळवा.

आणि डब्याचं काय?

खळ पाणी आणि एन्झाइमने उतरते, कारण तिला पाणी आवडतं. आजच्या स्टिकरचा गोंद रबर किंवा ॲक्रिलिकचा असतो, त्याला पाण्याचं सोयरसुतक नसतं. त्याला तेल हवं. आधी कोमट पाण्यात भिजवून वरचा कागद काढा, नाहीतर तेल गोंदापर्यंत पोचतच नाही. मग खोबरेल चोळा, 15-20 मिनिटं थांबा, कापडाने पुसा आणि तेल साबणाने धुवा. काचेवर आणि स्टीलवर हेअर ड्रायरची ऊबही चालते. गोंद मऊ पडतो. नेलपेंट रिमूव्हर प्लास्टिकवर नको, त्यातलं ॲसिटोन कितीतरी प्लास्टिक विरघळवतं. आणि रॉकेल किंवा पेट्रोल गॅसजवळ मुळीच नको. एका डागासाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

यंत्रमागावर खळ देणारा ती काढण्याचा विचार आधीच करून ठेवतो. डब्यावर स्टिकर लावणाऱ्यानेही तेवढाच करावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. स्वच्छ निघणारा गोंद 1925 पासून जगात आहे.

तुमच्या घरी स्टिकर काढायची कुठली युक्ती चालते, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!