मुहूर्त टळणार नव्हता

सहा महिने आधी, 2013 चा वसंत
ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचं संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, 1 ऑक्टोबरला उघडायचं. तारीख जाहीर झालेली. 36 राज्यांतले लोक त्यावर विसंबलेले. कामावर 55 कंत्राटदार. गवंडी, सुतार, प्लंबर सगळे हजर आणि मुकादम कुठे दिसत नाही, अशी गत. कागदोपत्री मुकादमकी सीएमएस या सरकारी संस्थेने स्वतःकडे घेतली होती. मॅकिन्से कंपनीच्या सल्लागारांनी बजावलं: काय बांधायचं तेच अजून बदलतंय, पूर्ण चाचणीला वेळ उरणार नाही, अंतिम शब्द कुणाचा ते ठरलेलं नाही. सीएमएसचे तंत्रज्ञान अधिकारी हेन्री चाओ मार्चमध्येच एका परिषदेत म्हणाले होते, निदान हा ‘तिसऱ्या जगातला अनुभव’ होऊ नये एवढं पाहू या. तिसऱ्या जगातल्या आपण हे वाक्य जपून ठेवायला हरकत नाही.

मार्चमध्ये व्हायची सज्जतेची अंतिम तपासणी सप्टेंबरवर ढकलली गेली. माझ्या मते घात इथेच झाला.

बिलं मात्र वेळेवर निघत होती. मुख्य भागाचं सीजीआय फेडरल कंपनीचं कंत्राट सप्टेंबर 2011 मध्ये 5.6 कोटी डॉलरचं होतं. फेब्रुवारी 2014 पर्यंत ते 20.9 कोटींवर गेलं. करार असा, की होईल तो खर्च सरकार भरणार, वर ठरलेली फी. काम लांबलं तर झळ सरकारलाच. त्यात ज्यांना तो अधिकारच नव्हता अशा कर्मचाऱ्यांनी सुमारे 40 वेळा जादा काम परस्पर सांगून टाकलं. त्याची रक्कम 3 कोटी डॉलरच्या वर.

ऑगस्टमध्ये सीएमएसने सीजीआयची फी अडवायची तयारी केली आणि मग हात आखडता घेतला. आता भांडत बसलो तर ऑक्टोबर हुकेल!

सुमारे 500 तास आधी, 10 सप्टेंबर
संसदेच्या समितीपुढे कंत्राटदारांची साक्ष: आम्ही तयार आहोत.

दोन आठवडे आधी
खातं न उघडता विम्याच्या योजना चाळून पाहण्याची सोय चाचणीत नापास झाली, म्हणून काढून टाकली. म्हणजे नुसता भाव विचारायला आलेल्यानेही आधी नावनोंदणीच्या दारातून जायचं. सगळी गर्दी एका दारावर. सगळे भाग जोडून अथपासून इतिपर्यंतची चाचणी सुरू झाली तीही याच दोन आठवड्यांत.

सुमारे 85 तास आधी, शुक्रवार, 27 सप्टेंबर
सीएमएसच्या प्रमुख मेरिलिन टॅव्हेनर यांच्यापुढे टिपण आलं. सुरक्षेची तपासणी अर्धवट आहे, त्यामुळे जोखीम ‘उच्च’ मानावी लागेल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. खाली सही झाली.

24 तास आधी
अंतर्गत नोंद: एका वेळी 1,100 जण आले की यंत्रणा मंदावते.

शून्य
मध्यरात्री दोन गोष्टी एकदम घडल्या. अर्थसंकल्पाच्या भांडणात अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं आणि संकेतस्थळ उघडलं. काही वेळातच तेही अडलं. ‘थांबा, फार गर्दी आहे’ अशी पाटी. ती ओलांडून कुणी खात्याच्या पानापर्यंत पोचलाच, तर सुरक्षा प्रश्नांच्या यादीवर टिचकी मारून बघावं, आणि यादी कोरी! प्रश्नच नाही, मग उत्तर काय देणार? पुढचं बटण दाबता येईना.

7 तासांनी
दहा लाखांहून अधिक लोक येऊन गेलेले. एका वेळी पन्नास-साठ हजार येतील असा अंदाज होता. पुढे सांगण्यात आलं की अडीच लाख येत होते. अंदाज चुकला हे खरं, पण 1,100 ला दम लागणाऱ्या यंत्रणेला तो बरोबर ठरून तरी काय उपयोग होता?

दुपारी
व्हाइट हाउसच्या बागेत ओबामांनी अॅपलचा दाखला दिला: त्यांच्याही नव्या प्रणालीत दोष निघाला, त्यांनी तो दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी
नियंत्रण कक्षातल्या बैठकीची नोंद: आतापर्यंत नोंदण्या सहा.

हिशेब, जुलै 2014
संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओने आकडे मांडले. मार्च 2014 पर्यंत या साऱ्यासाठी 84 कोटी डॉलरच्या खर्चाची बांधिलकी सरकारने घेतली होती. सीजीआयला 1.25 कोटी डॉलर फी मिळाली. अडवलेली रक्कम 2,67,420 डॉलर, म्हणजे मिळालेल्या फीच्या जेमतेम दोन टक्के. जानेवारीत सीजीआयच्या जागी अॅक्सेंचरला आणलं होतं, 9.1 कोटींच्या अंदाजाने. जूनपर्यंत तो आकडा 17.5 कोटींपलीकडे गेला होता.