हौद्यातील माती आणि मुष्टियुद्धाचे हातमोजे
नांदेड जिल्ह्याचा मुलूख आणि शेजारचा लातूर हे १२व्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होते, आणि त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातील 'मल्लविनोद' प्रकरणात मल्लांची प्रतवारी, आहार व सराव यांचे नियम आढळतात. झुंजीतील जोखमीची जाण अशी जुनीच आहे. तालमीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीसाठी केलेल्या उथळ खड्ड्यात, ताक, तेल व हळद मिसळून मऊ केलेली माती हेच पहिलवानाचे संरक्षण होते. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीत घडले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. मातीने मान आणि गुडघे मात्र पुरते वाचत नाहीत. चेमटलेले कान तर पहिलवानीची ओळखच! मुष्टियुद्धाचा धोका निराळा आहे: १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणले खरे, पण ते मेंदूपेक्षा मुठीलाच अधिक जपतात, आणि डोक्यावर वारंवार ठोसे बसल्याने जडणाऱ्या मेंदूविकाराचे वर्णन १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने केले. कुस्तीत चीतपट करणे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावणे, एवढ्याने निकाल लागतो. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धी शुद्ध हरपून कोसळला तर तोही विजयच मानला जातो.